फेरेट, इग्वाना आणि भालेरावांची ट्रायल

भालेरावांना आम्ही चौघांनी स्ट्रेचरवरून दुसऱ्या मजल्यावरून खाली आणलं, तेव्हा ते पूर्ण शुद्धीत होते आणि त्यांच्या हातात स्टॉपवॉच होतं. डोळे मिटलेले, नाकात कापूस. कापूस त्यांनी स्वतःच घातला होता, "परिस्थिती खरी वाटली पाहिजे" म्हणून. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. आम्ही ते तिरपं केलं तसे भालेराव घसरले आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "इथं एक मिनिट वीस सेकंद गेले. नोंद घ्या." पहिल्या मजल्यावरची बाई दार उघडून बाहेर आली, तिनं कापूस बघितला, प्रेताला बोलताना ऐकलं आणि दार लावून घेतलं. पुढे आठ दिवस ती आजारी होती.

महिन्याभरात भालेरावांनी अर्ज करून तळमजल्याचं क्वार्टर मिळवलं. अर्जात कारण लिहिलं होतं, 'प्रेत वळत नाही.'

ही गोष्ट एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतली. भालेराव कंट्रोल रूममध्ये सीनियर ऑपरेटर. मी प्रयोगशाळेत केमिस्ट, बॉयलरचं पाणी तपासणारा. मखमलाबादला आमचा भाजीपाल्याचा मळा. घराण्यात डिग्री घेतलेला मी पहिला. बीएस्सी केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. इथं सांगायचं कारण एवढंच, की पुढं जे लिहिणार आहे ते बघणारा माणूस भुताखेतांतला नव्हता.

"आधी ट्रायल, मग लोड." हे भालेरावांचं पालुपद. दुरुस्त केलेलं मशीन आधी रिकामं फिरवून बघायचं, तासातासाला आकडे लिहायचे, सगळं ठीक असलं तरच त्याच्यावर भार टाकायचा. वीज केंद्रात हे सगळेच करतात. भालेराव ते घरी करत. स्कूटर घेण्याआधी ते आठ दिवस हेल्मेट घालून नाशिकरोडला पायी गेले होते. रिटायर व्हायला दोन वर्षं होती, तर आठ दिवस रजा टाकून त्यांनी रिटायरमेंटचीही ट्रायल घेतली. नवव्या दिवशी माझ्या दारात.

"केमिस्ट, दोष सापडला." ते मला कधी नावानं हाक मारत नसत. "घरात आवाजच नाही. मी पेपरचं पान उलटलं तरी ही दचकते."

ही म्हणजे भालेरावकाकू. घरात दोघंच. काकू इतक्या कमी बोलायच्या की दूधवाला बरेच दिवस त्यांना मुक्या समजत होता.

उपाय म्हणून प्राणी पाळायचं ठरलं. कुत्रा बाद, कारण तो कुणालाही शेपूट हलवतो. मांजर बाद, कारण ते तीन घरी जेवतं. भालेरावांच्या एका जुन्या मित्राच्या मुलाचं मुंबईत मासे आणि परदेशी प्राणी विकायचं दुकान होतं. त्यानं दोन फोटो पाठवले. एक फेरेट, लांबुळकं, केसाळ, चोरासारख्या डोळ्यांचं. दुसरा इग्वाना, हिरवा, गळ्याखाली पदर लोंबणारा. दोन्ही फोटो कपाटाच्या दारावर शेजारी-शेजारी चिकटले. एकावर लिहिलं 'आयुष्य सात वर्षे', दुसऱ्यावर 'आयुष्य वीस वर्षे'.

माझी आई मळ्यातून मेथीची जुडी द्यायला आली होती, तिनं फोटो बघितले. "हे मुंगूस हाय आन् ही घोरपड. आपल्या बांधावर लय फिरत्यात. पैशे कशाला देतो हा बाबा?"

"आई, ते परदेशी आहेत."

"मंग काय, विंग्रजीत चावत्यात का?"

पण भालेराव गंभीर होते. एक महिना फेरेटची ट्रायल, एक महिना इग्वानाची. प्राणी आणायचा नाही. तो आलाय असं धरून चालायचं.

पहिल्या पाळीला जाताना ते मला त्या नसलेल्या फेरेटचा चार्ज देत. माझी बहुतेक दुसरी पाळी असायची, सकाळ मोकळी. मागच्या व्हरांड्यात एक लाकडी खोकं, आत घडी घातलेलं जुनं दुपटं, बाजूला बशीत सोललेलं उकडलेलं अंडं. तासातासाला जायचं, बघायचं, लिहायचं. वहीत रकाने होते: वेळ, आहार, हालचाल, प्रतिसाद. शेवटी सही, 'चार्ज घेतला'. फेरेट दिवसाचा बहुतेक वेळ झोपतं असं भालेरावांनी वाचलं होतं, म्हणून मी लिहायचो: आठ वाजता, झोप. नऊ वाजता, झोप. दहा वाजता, झोप. बीएस्सीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

"काकू घरातच असतात," मी एकदा म्हणालो. "त्या नाही का बघणार?"

"तिला यात घ्यायचं नाही," भालेराव एकदम तुटकपणे म्हणाले. "ती माझ्या एका ट्रायलला आयुष्यभराची विटलीय."

चौथ्या दिवशी नऊ वाजता बशी रिकामी होती.

मी लिहिलं, 'आहार: घेतला. बहुधा उंदीर.' संध्याकाळी भालेरावांनी 'बहुधा उंदीर' खोडलं.

पाचव्या दिवशीही तेच, सहाव्या दिवशीही. मग एका सकाळी मी सहज दुपट्यावर हात ठेवला आणि झटक्यात काढून घेतला. दुपटं ऊबदार होतं. मधोमध खळगा पडलेला, नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखा, आणि ऊब फक्त तेवढ्या खळग्यात. बाजूची घडी गार. व्हरांड्यात ऊन नव्हतं. थंडीचे दिवस होते, माझ्या बोटांना गारवा कळत होता आणि ऊबही कळत होती. आत स्वयंपाकघरात काकूंची विळी चालल्याचा आवाज येत होता.

मी लिहिलं, 'प्रतिसाद:' आणि पुढे काही लिहिलं नाही.

आमच्या कॉलनीत झाडांवर, खिडक्यांवर केंद्रातल्या कोळशाची बारीक करडी राख बसते. केर काढला तरी दुपारपर्यंत फरशीवर पातळ थर असतोच. पुढच्या आठवड्यात त्या थरावर पावलं दिसली. लहान, पाच बोटांची, खोक्यापासून न्हाणीघरापर्यंत गेलेली. परत आलेली नव्हती. खार असेल, असं मी स्वतःला सांगितलं. भालेरावांनी गुडघ्यांवर बसून भिंगातून ती बघितली. बराच वेळ बघितली. उठले तेव्हा चेहरा उतरला होता. त्यांनी लिहिलं, 'हालचाल: समाधानकारक.'

दुसरा महिना इग्वानाचा. खोक्याशेजारी पेरूची वाळकी फांदी उभी केली, वर शंभरचा बल्ब दिवसभर पेटता, बशीत जास्वंदीची पानं. हा प्राणी तासन् तास हलत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी भालेरावही फांदीसमोर स्टूल टाकून तासन् तास हलत नसत. पानांना अर्धचंद्रासारखे चावे पडायला लागले. एकदा फांदीवर कात मिळाली, पातळ, पारदर्शक, बल्बच्या उजेडात हलणारी. कॉलनीतल्या पोरांनी त्या क्वार्टरवरून जाणं सोडलं. मोलकरीण म्हणाली, मी समोरचंच झाडीन, मागचं नाही. मीसुद्धा आत जाण्याआधी दारावर टकटक करायला लागलो. कुणासाठी, ते विचारू नका.

एक दिवस लॅबमध्ये लवकर बोलावलं होतं, म्हणून बाराची नोंद मी साडेअकरालाच घ्यायला गेलो. टकटक केली नाही. व्हरांड्यात काकू उकिडव्या बसल्या होत्या. उजव्या हाताची पाची बोटं एकत्र चिमटून त्या राखेवर टेकवत होत्या. एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे. मग थोडं पुढे सरकत होत्या. आणि अगदी हळू म्हणत होत्या, "चल. चल. अशी ये."

उघडकीला आलेल्या गोष्टीची भीती वाटू नये. पण वाटली.

काकूंनी वर बघितलं. दचकल्या नाहीत. "कैलास, बस. त्यांना सांगू नकोस."

"अंडं...?"

"मी खाल्लं."

"ती कात?"

"कांद्याचा पापुद्रा. खळीनं चिकटवला." त्यांनी पदराला हात पुसले. बोटांची टोकं करडी झाली होती. मग त्या बोलायला लागल्या, आणि मी त्यांना इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

"अठरा वर्षं झाली. अनाथाश्रमातली एक मुलगी घ्यायची ठरली होती आमची. चार महिन्यांची. बघायला गेलो तर तिनं माझं बोट धरलं, सोडेचना. हे म्हणाले, आधी महिनाभर ट्रायल. पाळणा आणला, बांधला. दोन-दोन तासांनी उठायचे, दुधाची बाटली कोमट करायचे, रिकामा पाळणा हलवायचे. दुपटी मुद्दाम ओली करून धुवायचे. कशातच कमी पडले नाहीत रे. महिना संपल्यावर वहीत काय लिहिलं असेल? 'प्रतिसाद: शून्य.' म्हणाले, निष्कर्ष निघत नाही, अजून एक महिना घेऊ. तेवढ्यात तिला दुसऱ्यांनी नेलं."

बल्ब पेटलेला होता. रिकाम्या फांदीची सावली भिंतीवर पडली होती.

"तेव्हा मला सुचलं नाही," काकू म्हणाल्या. "पाळण्याआड बसून मी एकदा रडून दाखवलं असतं, तर त्यांनी आणली असती. या वेळी ट्रायल फसू द्यायची नाही. मुंगूस येवो नाहीतर घोरपड येवो. काहीतरी जिवंत या घरात आलं पाहिजे."

मी उठताना विचारलं, "आणि ते दुपटं? ते गरम कसं करायचात? गरम पाण्याची पिशवी?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "कुठलं गरम? कैलास, त्या खोक्याला मी हात लावत नाही. ते दुपटं पाळण्यातलं आहे."

मी बाराची नोंद साडेअकराला केली. 'हालचाल: आहे.' सही केली.

महिना संपला त्या संध्याकाळी भालेरावांनी मला बोलावलं. काकू दळण आणायला गेल्या होत्या. वही टेबलावर बंद होती.

"केमिस्ट, तुम्ही सह्या केल्यात त्या नोंदींवर तुमचा विश्वास आहे?"

"आहे," मी म्हणालो. आयुष्यात मी एकदाही नमुन्याचा आकडा खोटा लिहिला नव्हता.

"फेरेटच्या पावलाला दुसरं बोट वाकडं. इग्वानाच्याही पावलाला दुसरं बोट वाकडं." त्यांनी चष्मा काढला. "या घरात तसं एकच बोट आहे. लग्नाच्या वर्षी अडकित्त्यात सापडलेलं. मला भिंगातून बघितलं तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही थांबवलं का नाही?"

"अंडं तिला आवडतं. मागून कधी खाणार नाही. महिनाभर रोज एक खाल्लं." त्यांनी चष्म्याची काच पुसली. "आणि ती खेळत होती हो. न्हाणीघरापर्यंत पावलं नेली एकदा. त्या वेळी मी महिनाभर पाळण्यात वाकून बघत होतो. पाळण्याच्या पलीकडे ती उभी असायची. तिथला रकानाच नव्हता वहीत."

मग न राहवून विचारलं, "दुपटं तुम्ही गरम करत होता?"

"मी तर ड्यूटीवर," भालेराव म्हणाले. "मला वाटलं, ती करते."

दोघंही व्हरांड्याच्या दाराकडे बघत राहिलो. कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी भालेराव कुणाला न सांगता मुंबईला गेले. कसलीही ट्रायल न घेता केलेला त्यांचा हा एकमेव प्रवास. परतीचं तिकीटही काढलं नव्हतं. संध्याकाळी पुठ्ठ्याच्या खोक्यात इग्वाना घेऊन आले. मी म्हणालो, "वीस वर्षांचा प्राणी घेतलात. हिशेब बघितला का?"

"बघितला. सात वर्षांनी हिला पुन्हा रिकामं खोकं दाखवायचं नाही. आणि आपल्यानंतरचा चार्ज घ्यायला तुम्ही आहातच की." मला विचारलं नव्हतं. पण सांगायला अभिमान वाटतो, की मी नाही म्हणालो नाही.

इग्वाना फांदीवर बसला तो दगडासारखा. पापणीसुद्धा हलेना. भालेरावांनी सवयीनं वही उघडली, घड्याळ बघितलं, 'प्रतिसाद' या रकान्यावर पेन टेकवलं. काकूंनी वाकडं बोट पुढे केलं. कितीतरी वेळ काही झालं नाही. मग इग्वानानं एक पाय उचलला, हवेत धरून ठेवला, आणि नखांसकट त्यांच्या बोटावर ठेवला. धरलं. सोडेना.

भालेरावांनी वही मिटली.

रिटायर झाल्यावर ते नाशिकरोडला फ्लॅटमध्ये राहायला गेले, इग्वाना आणि फांदीसह. निघताना ते लाकडी खोकं, दुपट्यासकट, माझ्या दारात ठेवलं. "हे तिथं नेववत नाही तिला. टाकवतही नाही." वहीच्या शेवटच्या पानावर मी सही केली, 'चार्ज घेतला.'

खोकं माझ्या कपाटावर आहे. बायको विचारते, काय आहे त्यात. मी सांगतो, काही नाही. थंडीच्या दिवसांत कधीतरी स्टुलावर चढून मी त्यात हात घालतो, आणि थोडा वेळ तसाच ठेवतो. नोंद करत नाही.