टेकडीवर रुसलेले जवाई

सगळ्याची सुरुवात टूथब्रशच्या दांडीपासून झाली.

अश्विननं ती एका रविवारी सकाळी करवतीनं कापली. सातपुडा एकट्यानं, झपाझप, कुणाच्याही मदतीशिवाय पायी पार करायचा, तर पाठीवर फालतू वजन एक ग्रॅमही नको, असं त्याचं ठाम मत होतं. (हे मत त्यानं आदल्या रात्री मोबाइलवर बनवलं होतं.) दांडीनंतर कंगवा अर्धा झाला, शर्टांची लेबलं गेली, चमच्याला भोकं पडली. स्वयंपाकघरातला वजनकाटा बैठकीत आला आणि पोहे करायला बायकोला, करिष्माला, बैठकीत यावं लागलं.

भद्रावतीच्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर भूगोल शिकवायचा. आपला तरुण कुणाचा तरी हात धरल्याशिवाय बसस्टॉपपर्यंतसुद्धा जात नाही, हे त्याला सहन व्हायचं नाही. माणूस एकटा चालायला लागला की देश चालायला लागेल, असं तो वर्गात बोलला आणि बोलण्याच्या भरात सातपुड्याचंही जाहीर करून बसला. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माघार घेता येत नाही.

"हा काऊन कापला?" करिष्मा अर्धा ब्रश हातात धरून उभी होती.

"वजन वाचवाले."

"वजनच वाचवाचं तं पोटापासून सुरू करा ना. दांडीनं काय घोडं मारलं तुमचं?"

अश्विननं तिला हलकं सामान, वेगवान चाल आणि आत्मनिर्भरता यांवर थोडक्यात सांगितलं. (थोडक्यात म्हणजे कुकरच्या शिट्ट्या संपून भात करपेपर्यंत.) तिनं करपलेला भात उतरवला आणि शांतपणे म्हणाली, "मंडईले आपन माह्या बाबाच्या गावाले जाऊनच राह्यलो. गावामागच्या टेकडीवर एक दिवस एकटे राहून दाखवा. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. फोन नाई, कोनाले आवाज देनं नाई. जमलं तं सातपुडा तुमचा. नाई जमलं तं हा विषय घरात पुन्हा काढाचा नाई."

"एकच दिवस?" अश्विन हसला. पुढच्या बऱ्याच दिवसांतलं ते शेवटचं मनमोकळं हसू होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुण्यांनी घरं फुगतात, मटण शिजतं आणि रात्रभर नाटक चालतं. सासुरवाडीच्या पंगतीत अश्विन बसला खरा, पण मनानं तो सातपुड्यात कुठल्याशा खिंडीत होता. शरीर हलकं राहावं म्हणून त्यानं दोन घास खाऊन ताट सारलं. शेजारी थोरला साडू घनश्याम मात्र पोटभर जेवत होता. सासूबाई, शकुबाई, पळीनं वाढत गेल्या. कुणाच्या ताटात काय पडलं, हे अश्विननं पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी सगळं घर नाटकाच्या झोपेत असताना तो निघाला. मोबाइल उशीखाली ठेवला. काठी घ्यावी का, असा विचार आला. पण काठीला वजन असतं. शिट्टी तर आधीच यादीतून उडाली होती. अंगात मात्र खास मागवलेलं, मुठीत मावणारं जाकीट होतं. केशरी रंग, त्यावर काळे पट्टे. सेलमध्ये तोच रंग उरला होता.

टेकडी चढताना त्याला फार मोकळं वाटलं. ना कुणी विचारणारं, ना कुणी हाका मारणारं. असा मोकळेपणा अर्धा तास टिकला. मग वरच्या झाडांतून वानरं ओरडली. खॉक! खॉक!

वानरं अशी ओरडली की वाघ जवळ असतो, हे चंद्रपूर जिल्ह्यातलं शेंबडं पोरही जाणतं. अश्विन तर भूगोलाचा प्राध्यापक. तो मोहाच्या झाडावर कधी आणि कसा चढला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. (इतकी वेगवान आणि हलकी चढाई त्यानं आयुष्यात पुन्हा केली नाही.) तो हलला की वानरं ओरडायची. तो थांबला की थांबायची. म्हणजे वाघ अगदी खालीच बसलाय, असा त्यानं शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला आणि फांदीला आणखी घट्ट मिठी मारली.

दुपारही कलली. पाण्याची बाटली झाडाखाली होती. ओरडावं तर शर्त जाते. न ओरडावं तर जीव जातो. देशाचा विचार त्यानं केव्हाच सोडून दिला होता.

आणि तेवढ्यात खालून डफडं वाजलं. त्यामागे माणसांचा गलका. अश्विनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दिसले! जवाई झाडावर आहेत!" डफडं वाजवणारा सुकलू ओरडला.

"अरे देवा, इतके रुसले!" शकुबाईंनी हातातला डबा छातीशी धरला.

सासरे गुणवंतराव अर्धं गाव मागे घेऊन पुढे आले. "जवाई, चुकलं आमचं. आता सोडा राग, उतरा खाली."

"काय चुकलं?" वरून बारीक आवाज आला.

"कलेजी जी! मोठ्या जवायाले मागच्या मंडईले भेटली होती, औंदा तुमचा मान. हिच्या ध्यानात नाई राह्यलं, घनश्यामच्या ताटात वाढली. तुमी ताट सारलं अन् सकाळी बॅग घेऊन निंघाले. आमाले काय समजत नाई?"

"मले माहीत असतं तं मी लगेच परत देली असती भाऊ," घनश्याम कळवळून म्हणाला.

करिष्मा कमरेवर हात ठेवून उभी होती. "मी सांगितलं, ते चालाची प्रॅक्टिस करून राह्यले. कोनी आयकाले तयार नाई. म्हने, जंगलात बिनकुऱ्हाडीचा, बिनकाठीचा, एकटा मानूस फक्त रुसूनच जाते."

सगळ्यांच्या माना वर. अश्विननं भराभर विचार केला. वाघाला भ्यालो म्हटलं तर सातपुडा गेला. कलेजीसाठी रुसलो म्हटलं तर इज्जत गेली. पण इज्जत काय, कमावता येते.

"कलेजी माह्या मानाची होती," तो फांदीवरून गंभीरपणे म्हणाला.

(कलेजीचा वास त्याला लहानपणापासून सहन होत नसे.)

सुकलूनं खांदा दिला तेव्हा तो उतरला. शकुबाईंनी तिथंच डबा उघडला. आत कलेजी होती. रात्रीची संपली म्हणून सकाळी दुसरं बकरं कापलं होतं. अर्ध्या गावासमोर, पापणी न हलवता, त्यानं ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. वानरं पुन्हा ओरडली.

"सकाळपासून बोंबलून राह्यले," सुकलू म्हणाला. "म्या म्हटलं वाघ हाय का काय. पाहतो तं जवायाचं जाकीट!"

परतताना करिष्मा हळूच त्याच्या शेजारी आली. "दिवस बुडाले आला. आवाज तं तुमी कोनाले देला नाई. शर्त जिंकले. जा सातपुड्यात."

अश्विननं मागे वळून मोहाच्या झाडाकडे पाहिलं आणि जाकीट काढून काखेत दाबलं.

"फक्त एक सांगा," ती पुढे म्हणाली. "तिथी कोनाची सासुरवाडी हाय? तुमाले झाडावरून उतरवाले कोन येईन?"

अश्विन थांबला. गेल्या कित्येक आठवड्यांत इतकं हलकं त्याला वाटलं नव्हतं.

"हा मुद्दा नियोजनात राहूनच गेला होता," तो म्हणाला. "घाई नको करायला."

सातपुडा अजून तिथंच आहे. अश्विन अर्ध्या ब्रशनं बोटं तोंडात घालून दात घासतो. आणि सासरच्या प्रत्येक पंगतीत कलेजी आधी त्याच्याच ताटात पडते. तो ती संपवेपर्यंत बाकी कुणी घास उचलत नाही, आणि सुकलू दारात डफडं तापवून तयार बसतो.