दिवसपाळीचा दिवा

जालना जिल्ह्यातल्या ज्या गावात प्रगती कॉलनी आहे, त्या गावाचं नाव इथं दिलेलं नाही. दिलं, तर जिल्ह्यातली बाकीची गावं, आम्हाला का वगळलं, म्हणून विचारायला येतील.

कॉलनीच्या कोपऱ्यावर, मोठी नाली जिथं वळण घेते तिथं, पालिकेच्या दिव्याचा एक खांब आहे. हा दिवा रोज सकाळी ऊन पडलं की लागायचा आणि अंधार पडला की विझायचा. यात कधी खाडा झाला नाही. कॉलनीतल्या बाकीच्या खांबांवर दिवेच नव्हते, त्यामुळे त्यांच्याविषयी कुणाची तक्रार असण्याचा प्रश्न नव्हता.

दिव्याखाली, नालीच्या काठावर, कायम मलबा पडलेला असे. फुटक्या फरशा, सिमेंटच्या गोण्या, शिळं अन्न, जुन्या गाद्या. तो कुणाचा, हे कॉलनीत कुणालाच माहीत नव्हतं. दिवसा तिथं कुणी काही टाकताना कधी दिसलं नव्हतं.

खांबासमोरचं घर तातेरावांचं. केदारखेड्याहून आलेला हा माणूस एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला. जाफराबाद गाडी उशिरा सुटली तरी त्यांचं मन दुखत नसे, पण फलाटावरच्या फळ्यावर लिहिलेली वेळ बरोबर असली पाहिजे, असा त्यांचा बाणा होता. सगळी नोकरी त्यांनी उशिरा येणाऱ्या गाड्यांची वेळेवर घोषणा करण्यात घालवली. अशा माणसाच्या दारासमोर हा दिवा. रोज सकाळी दूध घ्यायला बाहेर आले, की ते भर उन्हात जळणाऱ्या त्या दिव्याकडे बघून मान हलवायचे आणि आत जायचे. त्यापलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं.

एका संध्याकाळी त्यांची बायको तुळजाबाई एका बारशाहून परतत होती. दिवा नेमका विझलेला. तिचा पाय कशाला तरी अडकला आणि ती नालीच्या काठावर आडवी झाली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर थेट कोपरापर्यंत गेलं, बाहेर फक्त चार बोटांची टोकं राहिली.

"कशाला अडखळलीस?" तातेरावांनी विचारलं.

"अंधारात काय दिसतंय? गोणी होती का दगड होता, काय की," तुळजाबाई म्हणाली. "आता भाकरी कोण थापतंय ते बघा."

भाकरीचा विषय निघाल्यावर तातेराव पेटून उठले. "हे बिलकुल चालणार न्हाई. मी अध्यक्षांकडं चाललो."

प्रगती कॉलनी नागरिक विकास संघात जितकी घरं तितकी पदं होती. साधा सभासद म्हणून कुणी शिल्लक राहिला नव्हता. तातेरावांकडे सहसल्लागार (ध्वजवंदन) हे पद होतं. अध्यक्ष होते सर्जेराव. ते प्लॉटिंगच्या धंद्यात होते आणि गावाबाहेरच्या पडीक रानाकडे बघून त्यांना जॉगिंग ट्रॅक दिसत असे. त्यांनी तातडीची सभा बोलावली.

"तातेराव, शांतपणे घ्या," सर्जेराव म्हणाले. "मला एकच सांगा. दिवा लागतो का न्हाई?"

"लागतो."

"बराबर. रोज लागतो?"

"रोज लागतो, पण दिवसा."

"म्हंजे लागण्याबद्दल तक्रार न्हाई. फक्त वेळेबद्दल हाय. शेजारच्या कॉलनीत जाऊन बघा, दिवाच न्हाई. आपण समाधान मानायचं सोडून कुरकुर करून राह्यलो."

चर्चेअंती ठराव झाला. 'दिवा लागत असल्याबद्दल सभा समाधान व्यक्त करते व त्याच्या वेळेबाबत सौम्य चिंता नोंदवते.' सौम्य हा शब्द सर्जेरावांनी घालायला लावला. त्यांची पालिकेत उठबस होती.

पालिकेने तक्रारीची दखल घेतली, हे कबूल केलं पाहिजे. कनिष्ठ अभियंता आदिनाथ साहेब स्वतः जागेवर आले. ते कार्यालयीन वेळेत आले, म्हणजे भर दुपारी. डोळ्यांवर हात धरून त्यांनी वर पाहिलं. दिवा ठणठणीत जळत होता. त्यांनी त्याचा फोटो काढला आणि शेरा मारला: 'प्रत्यक्ष पाहणीत दिवा सुरू आढळला. तक्रारीत तथ्य नाही.'

"साहेब, रात्री येऊन बघा," तातेराव म्हणाले.

"रात्री पाहणी कशी करणार, काका? तिथं अंधार असतो."

"तेच तर सांगून राह्यलो!"

"अंधारात केलेली पाहणी ग्राह्य धरत नाहीत. तुम्ही पुरावा द्या, मी पुढं पाठवतो."

तातेरावांनी रात्रीचा फोटो काढून नेला. फोटो संपूर्ण काळा होता. आदिनाथ साहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"यात दिवा कुठंय?"

"बंद हाय ना, मंग दिसंल कसा?"

"काळा फोटो कशाचाही असू शकतो, काका. खिशाचाही असू शकतो. खांब स्पष्ट दिसला पाहिजे."

दुसऱ्या वेळी तातेरावांनी फ्लॅश मारून फोटो काढला. खांब लख्ख दिसत होता. त्यावर साहेब म्हणाले, "बघा, इथं तर चांगला उजेड दिसतोय."

त्या दिवशी तातेराव पालिकेतून घरापर्यंत स्वतःशीच बोलत आले. तुळजाबाई डाव्या हाताने भात परतत होती.  ताटावर बसल्यावर ते म्हणाले, "फळ्यावर चुकीची वेळ लिहिली असती ना, तर मला मेमो भेटला असता."

दिवा बदलता येत नाही म्हटल्यावर संघाने रहिवाशांना बदलायचं ठरवलं. संध्याकाळचं फिरणं दुपारी ठेवावं, हळदीकुंकू सकाळी उरकावं, बारशी आणि वाढदिवस 'प्रकाशाच्या उपलब्धतेनुसार' करावेत, अशी सूचना संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. तिच्याखाली सर्वांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. एका उत्साही कार्यकारिणी सदस्याने भर दोन वाजता दिव्याखाली फिरून दाखवलं आणि ऊन लागून तो तीन दिवस सलाईनवर राहिला. संघाने त्याचा सत्कार केला.

याच सुमारास पालिकेच्या छतावर सौर पॅनेल बसले, त्यांची वीज रस्त्यावरच्या दिव्यांना जोडली गेली आणि जिल्ह्यात 'हरित वसाहत' नावाची स्पर्धा जाहीर झाली. कोणत्या वसाहतीचे किती दिवे सूर्याच्या विजेवर चालतात, हे बघायला एक समिती गावोगाव हिंडत होती. बाकी ठिकाणी दिवे रात्री लागायचे, आणि रात्री सूर्य नसतो. समिती निराश होत होत प्रगती कॉलनीत आली आणि वर बघून थबकली.

समितीचा अहवाल असा: 'या वसाहतीतील शंभर टक्के चालू दिवे थेट सौर विजेवर चालतात. रात्रीचा वीजवापर शून्य. हे यश रहिवाशांच्या शिस्तीमुळे शक्य झाले आहे.'

पहिला पुरस्कार प्रगती कॉलनीला मिळाला. सर्जेरावांनी त्याच आठवड्यात आपल्या नव्या प्लॉटिंगवर फलक लावला: 'पुरस्कारप्राप्त दिवसप्रकाशित वसाहतीलगत. जल्दी बुकिंग करा.' अंबडच्या एका कॉलनीचं शिष्टमंडळ दिवा बघायला आलं, आणि आपला दिवाही दिवसा लावण्यासाठी कुणाला भेटावं लागतं, हे विचारून गेलं.

पुरस्काराच्या कार्यक्रमात तातेरावांचा खास सत्कार होता, दिव्याकडे सर्वप्रथम लक्ष वेधल्याबद्दल. घरून निघताना त्यांनी तुळजाबाईला सांगितलं, "आज माइकवर सगळं बोलतो. समद्यांसमोर."

"बोलाच," ती म्हणाली आणि प्लास्टरचा हात झोळीत अडकवून पहिल्या रांगेत जाऊन बसली.

तातेराव बोलायला उभे राहिले. समोर मंडप भरलेला होता. खांद्यावर शाल होती, आणि ती बरीच चांगली होती. नोकरीत ते आयुष्यभर माइकवर बोलले, पण लोक तेव्हा बॅगा उचलायच्या गडबडीत असायचे. त्यांच्याकडे एवढी माणसं पहिल्यांदाच बघत होती. ते म्हणाले, "दिव्याबाबत मी सुरुवातीपासून आग्रही होतो." टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्यावर पुढचं वाक्य त्यांना आठवेना. "सर्वांच्या सहकार्याबद्दल आभार," असं म्हणून ते खाली बसले.

घरी येताना तुळजाबाई म्हणाली, "शाल गरम हाय का हो?"

तातेरावांनी शाल काढून तिची घडी घातली.

पुढं जे घडलं त्याला जबाबदार नागसेन नावाचा वायरमन. तो पालिकेत नवीन लागला होता. पुरस्काराच्या दिव्याची देखभाल करायला त्याला पाठवलं, पण पुरस्कार कशाबद्दल आहे, हे सांगायचं सगळे विसरले. भर उन्हात जळणारा दिवा पाहून तो खांबावर चढला आणि उलट्या जोडलेल्या तारा सुलट करून खाली उतरला. तातेरावांनी त्याला चहा पाजला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"एवढंच काम होतं?"

"एवढंच, काका," नागसेन म्हणाला. "कुणी सांगितलंच न्हाई आधी?"

संध्याकाळ झाली. अंधार पडला आणि प्रगती कॉलनीच्या इतिहासात पहिल्यांदाच दिवा लागला. नालीच्या वळणापासून पार सर्जेरावांच्या फाटकापर्यंत पांढरा शुभ्र उजेड पसरला. तुळजाबाई अंगणात येऊन उभी राहिली. खूप दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

जेवणं उरकली. हळूहळू एकेका घराची कडी वाजू लागली.

आधी सर्जेराव बाहेर आले. त्यांच्या एका हातात कमोडचं फुटकं भांडं होतं. उजेडात पाऊल पडल्यावर ते चमकले. तेवढ्यात समोरच्या घरातून सचिव दोन बादल्या खरकटं घेऊन आले. कोषाध्यक्ष गादी ओढत आले. स्वच्छता समितीच्या प्रमुख मीनाताई पोतं डोक्यावर घेऊन आल्या आणि अर्ध्या वाटेत थांबल्या. सगळे दिव्याखाली गोलाकार उभे राहिले आणि एकमेकांच्या हातातल्या वस्तूंकडे बघू लागले. 

"उजेड जरा जास्तच हाय," शेवटी सर्जेराव म्हणाले.

नेमकं त्याच वेळी तातेरावही फाटकातून बाहेर पडले. न्हाणीघराची दुरुस्ती त्यांनी पावसाळ्यापासून काढलेली होती, आणि सवयीप्रमाणे रोज जेवणानंतर मलब्याची एक गोणी ते उचलून नेत असत. इतर लोक टाकतात त्यात आपलं एक, एवढाच त्यांचा हिशेब होता. सवयीच्या कामात माणूस वर बघत नाही. ते गोणी छातीशी धरून थेट उजेडाच्या मधोमध आले आणि मग त्यांनी वर पाहिलं.

तुळजाबाई अंगणातच होती. तिने आधी नवऱ्याच्या हातातली गोणी बघितली. मग नालीच्या काठावर पडलेल्या तसल्याच गोण्या बघितल्या. एकाच दुकानाच्या, एकाच निळ्या रंगाच्या. मग आपल्या प्लास्टरकडे बघितलं.

"मी तुमच्याच गोणीला अडखळल्ते व्हय?"

तातेराव म्हणाले, "अंधारात कसं सांगता येईल?"

"आता तर उजेड हाय ना," तुळजाबाई म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. कडी मात्र घातली नाही. तातेराव गोणी घेऊन तसेच उभे राहिले. ठेवावी कुठं, हे त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी संघाची आणीबाणीची सभा झाली. विषय: रात्री दिवा लागल्याने निर्माण झालेली परिस्थिती. झोपमोड होते, किडे येतात, पुरस्कार परत जाईल, प्लॉटचे भाव पडतील, मुलांच्या मनावर परिणाम होतो, अशी एकेक कारणं पुढं आली. रात्रीचा प्रकाश आपल्या संस्कृतीत बसत नाही, असंही एक जण म्हणाला. सौम्य हा शब्द यावेळी कुणी सुचवला नाही.

अर्ज तयार झाला. पहिली सही कुणी करायची, यावर सगळे अडले. मग सर्जेरावांनी पेन तातेरावांपुढे केलं. "दिव्याचे जाणकार तुम्हीच."

तातेरावांनी सही केली. अक्षर नेहमीसारखं ठसठशीत आलं, वेळसुद्धा टाकली.

आदिनाथ साहेब त्याच संध्याकाळी हजर झाले. रात्रीची पाहणी या खेपेला शक्य होती, कारण उजेड होता. दिवा रात्री जळत असल्याचं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, शेरा मारला, 'तक्रारीत तथ्य आढळले', आणि नागसेनला पुन्हा खांबावर चढवलं. नागसेनने तारा उलट्या करताना खाली जमलेल्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. दिवा विझल्यावर टाळ्या झाल्या. कुणाच्या, ते दिसलं नाही.

फक्त एक अडचण राहिली. अर्जावर प्रत्येक घराच्या दोन सह्या पाहिजे होत्या. सर्जेराव स्वतः तुळजाबाईकडे आले.

"वहिनी, सही तेवढी."

"हात प्लास्टरात हाय."

"मंग अंगठा द्या."

"अंगठाही त्याच्यातच हाय," ती म्हणाली आणि डाव्या हाताने पीठ मळायला लागली.

त्यामुळे अर्जावर शेवटची एक जागा रिकामी आहे. पालिकेला तेवढ्याने काही अडत नाही. ती जागा बाहेरच्या कुणीही भरली तरी चालतं, असं आदिनाथ साहेब म्हणाले. अट एकही नाही. सही करणाऱ्याने काल रात्री जेवण झाल्यावर आपल्या घरातला कचरा कुठं नेऊन टाकला, ते त्याला कुणी विचारणार नाही.