आत्या बघतेय

टापटीपच्या हातात कागदी पेला होता आणि पेल्यावरून तिची सख्खी आत्या तिच्याकडे बघून हसत होती. आत्याच्या हनुवटीखाली, रक्त ठिबकणाऱ्या लाल अक्षरांत चित्रपटाचं नाव होतं : 'ती बघतेय'.

"झकास उठलंय ना, ताई?" छापखान्याचे मालक म्हणाले. "पेले, पिशव्या, तिकिटं, सगळं तयार. पोस्टरं तर सकाळीच भिंतींवर गेली."

"पण भूत कुठंय?"

"हे काय!" मालकांनी आत्याच्या नाकावर बोट ठेवलं.

जाहिरातीच्या कचेरीत तिला टापटीप म्हणत ते काही उगाच नव्हे. भयपटाचं काम हाती आलं तेव्हाच तिनं कंबर कसली होती. तिकिटापासून पोस्टरपर्यंत एकच चेहरा, एकच लाल, एकाच वळणाची अक्षरं. 'एकसारखं हवं' हे तिचं पालुपद. म्हणून भुताचा चेहरा तिनं प्रत्येक वस्तूवर वेगळा चिकटवलाच नव्हता. सगळ्या वस्तू तो 'चेहरा-अंतिम' नावाच्या एकाच फाइलमधून उचलत. आत्या शाळेतून निवृत्त होत होती. तिच्या निरोप समारंभाची पत्रिकाही टापटीपनंच केली होती, त्याच शिस्तीत, फोटोला तेच नाव देऊन. शनिवारी, दोन्ही कामं छापायला धाडण्याआधी, तिनं कॉम्प्युटर आवरायला घेतला आणि त्या आवराआवरीत आत्या भुताच्या घरी जाऊन बसली.

दिग्दर्शक पोस्टराची गुंडाळी नाचवतच कचेरीत शिरले. "बाई, माझं भूत कुठं घालवलंत? शुक्रवारी सिनेमा लागतोय! या हसऱ्या मावशींना बघून कोण घाबरणार? थिएटर रिकामं राहिलं तर माझी आणि तुमच्या नोकरीची एकदमच वाट लागेल!"

"संध्याकाळपर्यंत एकूण एक बदलते," टापटीप म्हणाली. तिनं खळीची बादली उचलली, शिडी खांद्यावर टाकली, नमुन्यादाखल काढलेली भुताची पोस्टरं काखेत मारली आणि निघाली.

पहिल्याच भिंतीपाशी एक आडदांड हवालदार पोस्टरासमोर उभा होता. त्यानं हात मागे बांधले होते आणि शर्टाचं वरचं बटण लावलं होतं.

"बाजूला होता का जरा?"

"बाईंचं गणित होतं आम्हाला," तो पुटपुटला. "हसल्या ना, की समजायचं, आता फळ्यापाशी बोलावणार." त्यानं कपाळ पुसलं. "सिनेमात खरंच बाई आहेत? मग बघायलाच पाहिजे. पण एकट्यानं नाही बुवा."

टापटीपनं रस्ताभर नजर टाकली. बँकेचा मॅनेजर पोस्टर दिसताच पलीकडच्या फुटपाथवर पळाला. डॉक्टरीणबाईंनी तोंडातलं च्युइंगगम काढून रुमालात लपवलं. चौतीस वर्षांत निम्मं गाव आत्याच्या हाताखालून गेलं होतं! तिकीटबारीवर तर शेपटासारखी रांग, आणि कुणाची मध्ये घुसायची छाती नाही.

तेवढ्यात फोन वाजला. "कशालाच हात लावू नका!" दिग्दर्शक ओरडत होते. "शुक्रवारचे तिन्ही खेळ भरले! हाच चेहरा, सगळीकडे, एकसारखा!"

"आत्या हो म्हणाली तर," टापटीप शांतपणे म्हणाली. "नाही म्हणाली, तर एकूण एक उतरवीन. मग नोकरी राहो नाहीतर जावो."

घरी आत्यानं पेला, पिशवी, तिकीट, पोस्टर ओळीनं टेबलावर मांडून घेतलं. चष्मा चढवला. लाल पेन उघडलं.

"पिशवीवरचा लाल फिका आहे," आत्या म्हणाली. "पेल्यावर माझा कान कापलाय. दहापैकी सात."

"म्हणजे राहू दे? तू रागावली नाहीस?"

"रागावायचं काय त्यात? जन्मभर जे केलं, त्याचंच तर पोस्टर आहे. पण पिशव्या पुन्हा छापायच्या. एकसारखं म्हणजे एकसारखं." मग तिनं टेबलाचा खण ओढला. "बरं, ही पत्रिका मात्र मला आवडली हं. तीनशे वाटल्या."

टापटीपनं पत्रिका हातात घेतली. 'सप्रेम निमंत्रण' या नाजूक अक्षरांखालून विस्कटलेल्या जटांचं, पांढऱ्या बुबुळांचं भूत तिच्याकडे टवकारून बघत होतं.

"अगं आत्या! तीनशे? आणि कुणी काहीच बोललं नाही?"

"बोलले की सगळे," आत्या लाजून म्हणाली. "म्हणाले, बाई, या फोटोत तुम्ही किती मवाळ दिसताय!"