पाणीमास्तर

रघुनाथमास्तरांच्या घरी पाणी मागायची सोय नव्हती. गिरगावातल्या आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागूनच. उन्हातून आलेला पाहुणा "जरा पाणी" म्हणाला, की मास्तरांचा हात तांब्याकडे न जाता दौतीकडे जायचा.

"पाणी आलं कुठून, ठाऊक आहे?"

"सकाळी नळाला आलं असेल की."

"शब्द हो, शब्द! मूळ पानीय. म्हणजे पिण्याजोगं. आता मला सांगा, मोत्याला पाणी असतं, तलवारीला असतं. ते कोण पितं?"

तेवढ्यात आतून काकू भांडं घेऊन यायच्या. "आधी घोट घेऊ द्या हो त्यांना." माणसं जगायची ती काकूंमुळे.

शाळेतली नोकरी संपल्यावर मास्तर शब्दकोश लिहायला बसले आणि 'पाणी' या एका शब्दापाशी आठ वर्षं अडले. कुणाच्या तोंडचं पाणी पळालं, कुणी कुणाला पाणी पाजलं, सगळं कागदावर. एकदा खालच्या मजल्यावर नवराबायकोचं जुंपलं. बायको कडाडली, "तुमच्यावर मी केव्हाच पाणी सोडलंय!" मास्तर दार ढकलून आत. "वहिनी, पुन्हा म्हणा, लिहून घेतो." भांडण तिथंच मिटलं. दोघं मिळून मास्तरांवर तुटून पडली.

वरळीची एक कोळीण आमच्या गल्लीतून मासळी घेऊन जायची. हे जानवेधारी गृहस्थ भर रस्त्यात तिच्या टोपलीशी उभे. उधाणाच्या भरतीचं पाणी कोणतं, भांगाच्या मंद भरतीचं कोणतं, विचारतायत. ती हसून बेजार. "म्हातारा मावरं घेत नाय, नुसतं पाणी इचारतो!" आमची चाळ आठवडाभर नाक मुरडत होती. पुढं त्यांनी भिंती लिंपणारे तेलंगी कामाठी गाठले, गोदीवरचे खलाशी गाठले. तुमच्यात पाण्याला काय म्हणतात, हा एकच प्रश्न. लोक त्यांना तोंडावर पाणीमास्तर म्हणू लागले.

मग शहरात गाठीचा ताप आला. चाळ निम्मी ओस पडली. मी घरची माणसं कोकणात धाडली आणि नोकरीपायी एकटा राहिलो. एका सकाळी काकूंना हुडहुडी भरली, काखेत गाठ दिसली. दुपारी डोली आली. मास्तर डोलीच्या दांड्याला धरून परळपर्यंत चालत गेले. इस्पितळ म्हणजे नुसती चटयांची छपरं. बायकांच्या छपराशी शिपायानं त्यांना अडवलं. "पुरुषांना आत मनाई आहे."

दोन दिवस ते फाटकाशी बसून होते. तिसऱ्या दिवशी कळलं, बाई आदल्या दिवशीच गेल्या. दहनही उरकलं होतं.

त्यानंतर मास्तर रोज सकाळी बाहेर पडत आणि दिवेलागणीला परतत. कुठं जातात, कुणाला सांगत नसत. मला धास्ती वाटली. एक दिवस मी मागोमाग गेलो.

ते पुरुषांच्या छपरात होते. रोगी नाना मुलखांचे, आणि तिथल्या चाकरांना त्यांचं बोलणं कळत नव्हतं. एक कामाठी "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणून कण्हत होता. मास्तरांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओठांना भांडं लावलं. गोव्याचा एक खलाशी "उदक" म्हणाला, त्यालाही पाजलं. जात त्यांनी कुणालाच विचारली नाही. कोपऱ्यात एक घोडेवाला अरब तापात "माय, माय" करत होता.

चाकर म्हणाला, "आईला हाका मारतोय बिचारा."

"नाही रे बाबा," मास्तर उठत म्हणाले. "बसऱ्याकडे पाण्याला माय म्हणतात."

पाणी पिऊन अरबानं डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत. त्या दिवशी माझ्यादेखत मास्तरांनी नऊ जणांना पाणी पाजलं. संध्याकाळपर्यंत त्यातले सहा गेले.

निघताना मी म्हटलं, "मास्तर, हे सगळं कोशात लिहा."

"कोश मी बंबात घातला," ते म्हणाले.

फाटकाशी बायकांच्या छपरातली झाडूवाली उभी होती. मास्तर तिच्यापाशी थांबले. हात जोडले.

"बाई, त्या गिरगावच्या होत्या ना, हिरव्या लुगड्यातल्या. शेवटी काही मागितलं होतं का हो त्यांनी?"

"रोज काय इचारता, बाबा? सगळ्याच मागतात. कोणाला दिलं, कोणाला नाय, कसं आठवायचं?"

मास्तरांनी मान डोलावली. काही पावलं चालल्यावर हळूच मला म्हणाले, "उद्या आठवेल तिला कदाचित."