दोन स्क्रीन, एक ऑटोपायलट आणि आईची सीट

निमेशने छातीठोक सांगितलं होतं, की पॅनल एका दुपारीत निवडून होईल. "अरे, लोक अर्ध्या तासात लग्नाची मुलगी पसंत करतात. हे तर दहा खोके आहेत!"

त्याने आणि वैभवने मिळून दोन सीटचं एक हलकं विमान घेतलं होतं. परवाना दोघांकडेही होता. विमान घाटापलीकडच्या एका धावपट्टीवर उभं होतं. इंजिन ठणठणीत, पंख शाबूत, पण कॉकपिटच्या पॅनलला नुसती भोकं! आधीच्या मालकाने सगळी उपकरणं काढून घेतली होती. रे रोडच्या एका व्यापाऱ्याने दहा खोके पंधरा दिवसांच्या बोलीवर दिले होते. हवं ते ठेवा, नको ते परत आणा.

आणि वरळी कोळीवाड्यात निमेशच्या आईने, तुळसाने, मासळीच्या पाटीमागे बसून सगळ्या बाजाराला सांगून टाकलं होतं, "दत्तजयंतीनंतरच्या रविवारी मी इमानात बसनार. पयली मी!"

शेजारी बसणारी कौसल्या तिची तीस वर्षांची मैत्रीण आणि तेवढ्याच वर्षांची वैरीण. ती म्हणाली, "बस गो बस. खाली आलीस की सांग."

म्हणजे आता माघार नव्हती.

पहिलं भांडण स्क्रीनवरून झालं. निमेशला दोन स्क्रीन हव्या होत्या आणि वर ऑटोपायलट. वैभवचं म्हणणं, एक स्क्रीन पुरे, बाजूला वेगाची आणि उंचीची साधी काट्याची तबकडी, आणि हात कशाला दिलेत देवाने?

"एक बंद पडली तर?" निमेश म्हणाला. "बाबांच्या बोटीवरचा जीपीएस धुक्यात बंद पडला, तेव्हा वरळीला निघालेली बोट वसईला लागली!"

"वसईला लागली ना? पडली तर नाही ना?"

"म्हणून तर! विमान वसईला लागत नाही रे, ते पडतं!"

वैभव लालबागचा. त्याच्या आजोबांनी गिरणीत जन्मभर सुताच्या गाठी तोलल्या होत्या, आणि नातवाला वारशात खोली नाही पण संशय मिळाला होता. त्याने एक तक्ता काढला. उडताना विमानाचं सगळं मिळून वजन सहाशे किलोच्या वर जाता कामा नये. रिकामं विमान तीनशे सत्तर. इंधन पंचावन्न. निमेश बहात्तर. तुळसाकाकी अठ्ठ्याहत्तर. उरले पंचवीस.

"पंचवीस किलोत बसतील तेवढीच उपकरणं. भांडण खलास."

"माहितीपत्रकात सगळ्यांची वजनं दिलीत," निमेश म्हणाला.

"वायरी, पट्ट्या, स्क्रू धरून? कंपनीवाले नवरदेवाचं वजन सांगतात, वरातीचं नाही! आपण तोलायचं."

तोलायचं कुठे, हा प्रश्नच नव्हता. तुळसाचा काटा अख्ख्या बाजारात खरा मानला जाई. पण वायरींचं भेंडोळं काट्याच्या छोट्या ताटलीवरून घरंगळून पडू लागलं, जिवंत चिंबोऱ्यासारखं. तेव्हा तुळसाने आपली रोजची पाटी काट्यावर ठेवली, एकेक उपकरण वायरीसकट तिच्यात टाकलं आणि खड्या आवाजात आकडे पुकारले. वैभव लिहीत गेला. निमेश स्क्रीनवरचे मासळीचे खवले पुसत बसला.

"रेडिओ, दोन किलो तीनशे!"

"पत्रकात नऊशे ग्रॅम!" वैभव आनंदाने ओरडला. माणसाचा संशय खरा ठरला की त्याच्या तोंडावर जे तेज येतं, ते सत्यनारायणालाही येत नाही. "बघितलंस? चोर आहेत सगळे!"

बेरीज झाली पस्तीस. दहा किलो जास्त!

तक्ता सरळ सांगत होता, की ऑटोपायलट आणि दुसरी स्क्रीन परत केली की प्रश्न मिटला. निमेशने तक्त्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं.

"आये," तो गोड आवाजात म्हणाला, "तू जरा दहा किलो कमी केलंस तर?"

तुळसा म्हणाली, "नऊ म्हयने मी तुला घेऊन पाट्या वाहिल्या. तवा बोलले काय, पोरा जरा हलका हो?"

पण बाजारात शब्द दिलेला होता. तुळसाने भात सोडला. संध्याकाळची भाकरी अर्धी केली. कौसल्या मुद्दाम शेजारी बसून तळलेल्या बोंबलाचा डबा उघडायची आणि विचारायची, "घेतंस का गो? का इमान बुडंल?"

निमेशही स्वस्थ नव्हता. त्याने सीटची गादी काढायचा विचार केला. पट्ट्यांना भोकं पाडून बत्तीस ग्रॅम वाचवले. वैभवला इंधन कमी करायचंही सुचवलं. वैभव म्हणाला, "उतरायच्या आधी संपलं तर वजन कमी होईल खरं."

चौदाव्या दिवशी तुळसा शहात्तरवर आली आणि तिथेच नांगर टाकून बसली. दुसऱ्या दिवशी खोके परत न्यायचे होते. निमेशने ऑटोपायलटचा खोका असा बांधायला घेतला, जणू लेकीची पाठवणी! तेवढ्यात कौसल्या सुट्टे मागायला आली. भिंतीवर चिकटवलेला तक्ता तिने बोट ठेवून वाचला.

"ह्ये काय गो तोललंय? दोन किलो तीनशे... पाटीसकट ना?"

"मग काय हवेत तोलनार?" तुळसा म्हणाली.

वैभवच्या हातातली सुतळी सुटली. "पाटी? कुठली पाटी?"

"ही काय. एक किलो चारशेची." तुळसाने पायाने पाटी पुढे सरकवली. "पुकारताना पाटीसकट पुकारायचं, घेनारा वजा करून घेतो. तू वजा केलं नाय?"

"काकी, तुम्ही सांगितलं नाहीत!"

"समुद्र खारट हाय ह्ये पन सांगू काय?"

वैभव निमेशकडे वळला. "तू इथलाच ना रे? तुला माहीत नव्हतं?"

"मला वाटलं, तू वजा करतोयस! तुमच्या घराण्यातच तोलाई आहे ना!"

दहा वेळा तोललेली पाटी. दहा वेळा एक किलो चारशे. चौदा किलोंची पाटी विमानातून उडायला निघाली होती! खरी बेरीज एकवीस भरली. सगळे खोके बसत होते, दोन्ही स्क्रीन आणि ऑटोपायलट धरून, वर जागा शिल्लक. निमेशने ऑटोपायलटच्या खोक्याची सुतळी दातांनी तोडली.

पण अर्ध्या भाकरीवर चौदा दिवस काढलेली बाई एवढ्यावर सोडते होय? तुळसाने बर्फाच्या पेट्या तोलायचा मोठा काटा बाहेर ओढला.

"आता सगला नीट तोलायचा. माज्यासमोर. मी उभी ऱ्हायले. किती? शहात्तर. लिव. निमेश, तू ये."

"माझं लिहिलंय, आये. बहात्तर."

"कवा तोललेलं?"

"परवान्याच्या वैद्यकीय तपासणीला."

"तो परवाना तुज्या लग्नाच्या आधीचा."

"वजन तसंच राहिलंय."

"ये."

निमेश काट्यावर चढला. आधी त्याने खिशातून किल्ल्या काढल्या. मग मोबाइल. मग पट्टा. मग श्वास आत ओढला, जणू पोट आत गेलं की काटाही खाली येतो. काटा शहाऐंशीवर थांबला.

कौसल्या सुट्टे विसरून खाली बसली. असा खेळ फुकटात रोज बघायला मिळत नाही.

वैभवने शांतपणे आकडे मांडले. "आठ किलो जास्त. ऑटोपायलट आणि दुसरी स्क्रीन परत केलीस, तर काकींना तू नेशील. ठेवलीस, तर मी नेईन. मी एकसष्ट." तोही काट्यावर चढला. एकसष्ट.

"आये," निमेश म्हणाला, "तू काय म्हणतेस?"

"मना काय? मी बसनार. तुजं तू बघ."

निमेशने रात्रभर विचार केला. एका बाजूला आईला आकाशात नेणारा मुलगा. दुसऱ्या बाजूला दहा इंची स्क्रीन, ढगांसकट रंगीत नकाशा, आणि एक बटण दाबलं की स्वतःच सरळ उडणारं विमान. सकाळी तो व्यापाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, "सगळं ठेवतोय."

उपकरणं बसली, तपासण्या झाल्या, सह्या झाल्या. दत्तजयंतीनंतरच्या रविवारी तुळसा ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून विमानात बसली. शेजारी वैभव. जागा भरपूर होती, तरी त्याने काकींची पिशवी, छत्री आणि चपला खाली ठेवायला लावल्या. हिशेब म्हणजे हिशेब!

विमान धावलं, उचललं आणि सूर्याकडे वळलं. वर दोन्ही स्क्रीन झळकत असणार. ऑटोपायलट सरळ उडवत असणार. तुळसा काचेला नाक लावून बसली असणार.

धावपट्टीचा रखवालदार हात डोळ्यांवर धरून बघत होता. "साहेब, विमान तुमचं ना?"

"माझं."

"आत आई तुमची?"

"माझी."

"मग तुम्ही इथं?"

निमेशने आईच्या चपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या, छत्री काखेत नीट धरली आणि म्हणाला, "उपकरणं मी निवडलीत."