कोल्डबर्न येथील ससेनिवारण

ज्याला एखादी गोष्ट येत नाही त्याला ती शिकवायला सारे गाव मोकळे असते. फेरेट (म्हणजे बिळात शिरून ससे हुसकावणारा छोटा प्राणी) पाळण्याच्या बाबतीत तर ज्यांनी जन्मात फेरेट पाळला नाही, तेच गुरुजन अधिक तळमळीने शिकवतात. डेनिस रेनला याचा अनुभव निवृत्तीनंतर लगेचच आला.

इंग्लंडात डरहॅमकडच्या कोल्डबर्न गावात त्याने उभी हयात बस चालवली. बस कायमची सुटल्यावर हाताला काहीतरी काम हवे, म्हणून त्याने बंद खाणीमागे भाड्याने मिळणाऱ्या वाफ्यांतला एक वाफा घेतला. तिथे सगळे लीक लावतात. लीक म्हणजे नात्याने कांद्याची पातच, पण मनगटाएवढी जाड झाल्याशिवाय कोल्डबर्नात तिला कोणी पुसत नाही. दर सप्टेंबरात लीकचे प्रदर्शन भरते, दरवेळी बक्षीस शेजारच्या गावाला जाते आणि दरवेळी वाफेधारक मंडळ एकमताने ठरवते, की हे सशांमुळे झाले. (ससे लीकला सहसा तोंड लावत नाहीत. परंतु मंडळाच्या सभेत हे बोलणे असभ्यपणाचे समजले जाते.)

"कोणीतरी फेरेट पाळायला हवेत," असे अध्यक्ष गॉर्डन फेदरस्टन प्रत्येक सभेच्या शेवटी म्हणत आणि मग सगळे बिअर प्यायला जात. ही प्रथा फार जुनी होती. डेनिस नवखा. तो म्हणाला, "मी पाळतो की."

सभेत कोणी पाद्रीबुवांसमोर शिवी हासडावी तशी शांतता पसरली. मग टाळ्या वाजवाव्याच लागल्या.

गावात फेरेट खरोखर पाळणारा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे विल्फ ट्यूलिप. वय ऐंशीच्या पुढे, त्यामुळे एकसष्टीच्या डेनिसला तो 'पोरा' म्हणे.

"एक नेऊ नकोस, दोन ने," विल्फ म्हणाला. "एकटा फेरेट उदास होतो, आणि उदास फेरेट तुझ्याकडे बघत बसतो. ते सहन होत नाही."

"आणि चावला तर?"

"चावला तर हात मागे ओढायचा नाही. ओढलास तर त्याला वाटतं, आपण जिंकलो."

"मग करायचं काय?"

"दुसरीकडे बघायचं, पोरा. लग्न झालंय ना तुझं?"

डेनिसने दोन माद्या आणल्या. मुंगसासारखे लांबुळके अंग, मिशीवाल्या हवालदाराचा तोंडवळा आणि वास असा, की सवय झाल्याशिवाय त्याचे वर्णन करू नये, आणि सवय झाल्यावर करता येत नाही. त्यांची नावे त्याने बायकोच्या दोन बहिणींवरून बेरिल आणि जॉइस अशी ठेवली. यात आदरच होता. पण त्याची बायको ऑड्री त्याच्याशी बरेच दिवस फक्त खिडकीतून बोलत होती.

शिक्षण शास्त्रशुद्ध झाले. कोरडे खुराडे, सावलीची जागा, पाव-दुधाऐवजी कच्चे मांस, आणि रोज संध्याकाळी दोघींना अंगाखांद्यावर खेळवणे. बेरिल चावली तेव्हा डेनिसने शांतपणे दुसरीकडे पाहिले. दुसरीकडून जॉइस चावली.

पाने झडली आणि कामाचा हंगाम आला. बिळाच्या प्रत्येक तोंडावर जाळ्याची पिशवी लावायची, फेरेट आत सोडायची, ससा घाबरून बाहेर पळाला की पिशवीत सापडतो. हे इतके सोपे आहे, की पहिल्या दिवशी ते घडले नाही. बेरिलने आतच ससा मारला, पोटभर खाल्ला आणि त्याच्यावर डोके ठेवून झोपली. डेनिस बर्फाळ वाऱ्यात बिळाशी कान लावून पडून राहिला. वाफेधारक एकेक करून आले, सल्ला देऊन गेले. शेवटी ऑड्री आली. तिने सल्ला नव्हे, दोन फावडी आणली होती.

दोघांनी मिळून खणले. बेरिल जांभई देत वर आली, तेव्हा ऑड्रीनेच तिला उचलून कोटात घेतले. "अगदी आमची बेरिल," ती म्हणाली. "जेवली की कुठेही झोपते." त्या दिवसापासून खणायला तिसरे माणूस कधी लागले नाही आणि घरात बोलणे पुन्हा खिडकीशिवाय सुरू झाले.

वसंत येईपर्यंत वाफ्यांवर औषधालाही ससा उरला नाही. मंडळाने डेनिसचे जाहीर आभार मानले. गावाला पहिल्यांदाच बक्षिसाचे वेध लागले.

सप्टेंबरात प्रदर्शन भरले. कोल्डबर्नच्या लीक नेहमीसारख्याच, शिसपेन्सिलीपेक्षा किंचित जाड. मंडळी ओळीने उभी राहून त्यांच्याकडे पाहू लागली. कोणीतरी सवयीने "ससे…" म्हणाले आणि गप्प झाले. मग सगळ्यांनी डेनिसकडे पाहिले.

तातडीची सभा झाली. फेरेटच्या वासाने लीकची वाढ खुंटते, हा शोध तीत लागला. (शोध लावणारे निवृत्त न्हावी होते, म्हणजे मुळांचा अनुभव होताच.) डेनिसने फेरेट तरी सोडावेत किंवा वाफा तरी, असा ठराव आला. डेनिस घरी गेला आणि खुराड्यासमोर बसला. त्याला सांगितलेले काम त्याने आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी पूर्ण केले होते, आणि त्याबद्दल त्याला उतरवून देण्यात येत होते.

संध्याकाळी गॉर्डन आला. अध्यक्ष म्हणून नव्हे, टोपी हातात घेऊन.

"बावीस वर्षं लीक लावतोय मी, डेनिस," तो म्हणाला. "दरवर्षी घरी जातो, बायको विचारते काय झालं, मी म्हणतो ससे. ती म्हणते, मेले नतद्रष्ट! आणि गरम सूप देते. यंदा तिनं विचारलं, मी काही बोललोच नाही. तिनं सूप दिलं, पण माझ्याकडे असं बघितलं रे…"

डेनिसने दुसरीकडे पाहिले. हे त्याला आता चांगले जमत होते.

"तुला येतं काय लीक लावायला?" ऑड्रीने गॉर्डनला सरळच विचारले.

"नाही," गॉर्डन म्हणाला. बावीस वर्षांत त्याला हे कोणी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी डेनिस बेरिल आणि जॉइसला घेऊन टेकडीपलीकडच्या मेंढपाळाच्या कुरणात गेला. जाळ्यात आलेल्या सशांपैकी तीन गुबगुबीत ससे त्याने जिवंत पोत्यात घातले आणि गॉर्डनच्या वाफ्यामागे सोडून दिले. ससे जरा बावरले, मग लीकला वळसा घालून गवत खाऊ लागले.

पुढल्या सभेत अध्यक्षांनी भरल्या आवाजात जाहीर केले, की ससे परत आले आहेत. लोक एकमेकांना कडकडून भेटले. आधीचा ठराव फिरवून डेनिसला तहहयात ससेनिवारण प्रमुख नेमण्यात आले. कामाचे स्वरूप असे: दर हिवाळ्यात फेरेट सोडावेत, सर्व बिळांना जाळी लावावीत, फक्त एक बीळ मोकळे ठेवावे. हे काम डेनिस आजही निष्ठेने करतो. कोल्डबर्नच्या लीक आजही बारीक आहेत आणि गॉर्डनला सूप गरम मिळते.

डेनिस बाहेरगावची कामेही घेतो, अगदी विनामोबदला. तुम्ही जे केव्हाच करून दाखवणार होता, ते ज्याच्यामुळे राहून गेले आहे तो तुमचा ससा कुठल्या बिळात असतो एवढे फक्त कळवा. बेरिल आणि जॉइस येऊन दिवसाभरात त्याचा निकाल लावतील. या सोयीची जाहिरात होऊन बरीच वर्षे झाली. अद्याप एकानेही पत्ता कळवलेला नाही, आणि तुम्हीही तो शोधायला आत्ता उठलेला नाहीत.