भाषणाला दहापैकी दोन

निवृत्तीनंतर सरांनी देशाच्या संसदेचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा सर्वांत जास्त आनंद त्यांच्या बायकोला झाला. एक तर सर दिवसभर अभिलेखागारात जाऊन बसणार होते. शिवाय तिचे वडील, अण्णा, पहिल्या संसदेत सदस्य होते. "अण्णा बोलायला उभे राहिले की सभागृह चिडीचूप व्हायचं," हे ती लग्नापासून सांगत आली होती.

सर जुन्या कामकाजाची टंकलिखित पानं वाचत. पण उभी हयात उत्तरपत्रिका तपासलेला हात स्वस्थ बसतो थोडाच! एका दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, त्यांनी पाणीवाटपावरची सगळी भाषणं वाचून काढली आणि शेवटी पाहतात तर काय, प्रत्येक भाषणाच्या समासात पेन्सिलीने गुण! तेही परीक्षकाच्या सवयीने, नाव तळहाताखाली झाकून दिलेले. कुणाला सात, कुणाला पाच, एकाला तर दहापैकी दोन आणि वर शेरा : 'पाल्हाळ. मुद्दा नाही.'

सरांना दरदरून घाम फुटला. तिथे खोडरबर न्यायला बंदी होती. उद्या काहीतरी करू, असं म्हणून त्यांनी बासन बांधलं आणि काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी बासन जागेवर नव्हतं. कुणा प्राध्यापकाने ते मागवलं होतं. आठवड्याभरात वर्तमानपत्रात मथळा झळकला : पहिले सभापती सदस्यांना गुपचूप गुण देत!

"अहो," बायको वर्तमानपत्र पुढे धरत म्हणाली, "ते दोन गुणवाले आपले अण्णा आहेत! पाल्हाळ म्हणे!"

त्या दिवशी ती नीट जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी त्यांनी अभिलेखागाराच्या प्रमुखांसमोर जाऊन सगळं कबूल केलं.

प्रमुख हसले. "सर, तज्ज्ञांनी तपासलंय. अक्षर सभापतींचंच आहे."

"अहो, माझं आहे! हे बघा, लिहूनच दाखवतो." सरांनी समोरच्या कागदावर दोन आणि शेरा लिहून दाखवला.

"वा! नक्कल छान जमलीय," प्रमुख कौतुकाने म्हणाले. "पण त्यांच्या अक्षरात एक अधिकार होता, तो नाही आला बघा."

आता उरली होती फक्त बायको. संध्याकाळी सरांनी तिला सांगितलं आणि तिने मात्र लगेच विश्वास ठेवला.

"सभापतींनी दिले असते तर एक वेळ सोसलं असतं मी," ती म्हणाली. "परका माणूस तो. पण तुम्ही? अण्णांनी केवढं कौतुक केलं तुमचं!"

"अगं, नाव झाकलं होतं मी. चुकलंच माझं."

"ते असू दे. खरं सांगा, भाषण दोनचंच होतं?"

सरांना अगदी मनापासून आठ म्हणायचं होतं. पण साऱ्या नोकरीत त्यांनी वशिल्याने अर्धा गुणही वाढवला नव्हता.

"अडीच," ते खाल मानेने म्हणाले. "फार तर."

मग डोळे पुसत तिने विचारलं, "आणि मला? इतकी वर्षं मनातल्या मनात मला किती देत आलात?"

या प्रश्नाचं उत्तर ताबडतोब द्यायचं असतं, हे सरांना कुणीही सांगितलं असतं. सर प्रामाणिकपणे विचार करू लागले.